जुन्या डायनिंग टेबलाला सँडर लावण्याआधी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की सेकंडहँड लाकडी डायनिंग टेबल घेतलंय, वरती पांढरे गोल डाग आहेत, एका कोपऱ्यात काळा डाग आहे, बसल्यावर हात टेकतो तिथलं पॉलिश चिकट झालंय, टेबल जरा डुगडुगतं, आणि शनिवार-रविवारी भाड्याने सँडर आणून घासून पॉलिश मारायचा प्लॅन आहे, तर कुठल्या नंबरचे पेपर आणू आणि वरून काय मारू. दोन्ही सांगतो, पण सँडर आत्ताच बुक करू नका. मी बरीच वर्षं जुनं फर्निचर पॉलिश करायचंच काम करतोय आणि माझ्याकडे जी वाट लागलेली टेबलं येतात ना, त्यातली बरीचशी वयामुळे खराब झालेली नसतात, कोणीतरी उत्साहात पहिल्या अर्ध्या तासात मशीन फिरवलेलं असतं म्हणून खराब झालेली असतात. वरती नेमकं काय लावलंय आणि खाली नेमकं काय लाकूड आहे हे कळल्याशिवाय पेपरचा नंबर सांगणंच चूक आहे.

तर आधी जमिनीवर जाड चादर टाका आणि कोणालातरी मदतीला घेऊन टेबल उलटं करा. विकणाऱ्याने वरची बाजू पुसूनपासून दिलेली असते, खालची बाजू कोणी पुसत नाही, त्यामुळे खरं काय ते तिथेच दिसतं. टॉर्च घ्या. टॉपच्या आखूड बाजूची कड बघा, म्हणजे जिथे फळ्यांची टोकं येतात ती. सॉलिड लाकूड असेल तर तिथे लाकडाच्या वाढीची वलयं कमानीसारखी कापलेली दिसतात आणि वरची रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची नक्षी, कडेपर्यंत आली की तिथून तीच खाली उतरताना दिसते. व्हीनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल तर कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असते, किंवा प्लायचे थर दिसतात, किंवा भुशाचा बोर्ड, आणि वरच्या रेषांचा खालच्या रेषांशी काही संबंध नसतो. टॉपवर तेच तेच डिझाइन अगदी आरशात बघितल्यासारखं रिपीट होत असेल तरी व्हीनिअरच समजा. हल्लीचं व्हीनिअर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं, जुन्या टेबलांवर मिलिमीटरभर किंवा जास्तही सापडतं, पण तुमच्या आधीच्या मालकाने त्यातलं किती घासून टाकलंय हे काही लिहून ठेवलेलं नसतं. 80 नंबरचा पेपर (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत) लावलेला सँडर त्यावर एका जागी जरा रेंगाळला तर संपलं, खालचा प्लाय पांढरट डागासारखा वर येतो आणि मग नवीन व्हीनिअर लावणं किंवा चक्क रंग मारणं एवढेच दोन रस्ते उरतात. आणि लाकडासारखा दिसणारा छापील कागद किंवा सनमायका निघाला तर पॉलिशचा विषयच सोडा.

टेबल उलटं आहे तोवर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. एक म्हणजे एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि त्याखाली पिठासारखा बारीक भुसा पडतोय का. भोकं जुनी असू शकतात, काळपट, आत धूळ बसलेली, त्यांचं टेन्शन नाही. पण टेबलाच्या पायावर जरा ठोकलं आणि ताजा फिकट भुसा गळाला, तर आत भुंग्याच्या अळ्या आहेत आणि त्याचा बंदोबस्त आधी. बोरेटचं, म्हणजे बोरॅक्सच्या जातीच्या कीडनाशकाचं, द्रावण उघड्या लाकडातच मुरतं, पॉलिशवरून लावून काही होत नाही, म्हणून हे काम पॉलिश काढल्यावर आणि नवीन लावण्याआधी करायचं. दुसरं म्हणजे टॉप खालच्या फ्रेमला कसा बसवलाय. स्क्रू लांबट खाचेतून गेलेले असतील किंवा लाकडाच्या छोट्या ठोकळ्यांनी टॉप पकडलेला असेल तर ते तसंच ठेवा, ढिलं दिसतंय म्हणून गोंद ओतून पक्कं करू नका. सॉलिड लाकडाचा टॉप हवेतल्या दमटपणाने रुंदीत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो, मोठ्या टेबलात काही मिलिमीटरचा फरक सहज पडतो, त्याला हलायला जागा लागते, ती बंद केली की फळी मधोमध तडकते.

डुगडुगण्याचं म्हणाल तर आधी जमीन सपाट आहे ना ते बघा, हसू नका, बऱ्याचदा तेच असतं. सपाट जागीही हलत असेल तर पाय आणि बाजूची पट्टी यांचा सांधा सुटलाय. इथे लोक खिळा मारतात किंवा आडवा स्क्रू पिळतात, त्याने महिनाभर बरं वाटतं आणि नंतर लाकूडच फाटतं. सांधा पूर्ण उघडायचा, रबरी हातोड्याने हलके ठोके देत, आणि आतला जुना गोंद खरवडून लाकूड दिसेपर्यंत साफ करायचं. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद जुन्या वाळलेल्या गोंदावर नीट धरत नाही, त्याला लाकूड लागतं. खूप जुनं टेबल असेल तर सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद, असतो, तपकिरी, काचेसारखा तुटणारा, तो कोमट पाण्याने किंवा व्हिनेगरने मऊ पडतो, त्यामुळे ते सांधे उघडणं उलट सोपं जातं. गोंद लावा, क्लॅम्प लावा, आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे आले तर फ्रेम काटकोनात आहे, नसतील तर क्लॅम्प जरा तिरका करून आत्ताच सरळ करून घ्या कारण उद्या करता येणार नाही. क्लॅम्प दात-ओठ खाऊन आवळू नका, सगळा गोंद पिळून बाहेर येतो. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसून टाका, त्याचा पातळ थर जरी राहिला तरी तिथे नंतर रंग धरत नाही आणि फिकट डाग दिसतो. दुसऱ्या दिवसापर्यंत क्लॅम्प काढू नका.

आता वरचं पॉलिश कुठलं आहे ते. टेबलाच्या खालच्या कडेला, जिथे कोणाचं लक्ष जात नाही, तिथे ही टेस्ट करा. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घ्या, बोळा त्या जागी टेकवून मिनिटभर धरा आणि बोटाने चाचपा. चिकट झालं, बोळ्याला तपकिरी लागलं, बोट उचलताना तार आल्यासारखं वाटलं, तर ते लाखेचं म्हणजे चपड्याचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही तर शेजारी एनसी थिनरचा, म्हणजे लॅकर पातळ करायच्या थिनरचा, बोळा तसाच धरा. त्याने विरघळून मऊ झालं तर लॅकर. थिनरनेही विरघळत नाही, फार तर सुरकुती पडते किंवा काहीच होत नाही, तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाईनसारखं कडक केमिकल पॉलिश. आणि मुळात पाण्याचा थेंब टाकल्यावर तो थोड्या वेळात मुरून लाकूड गडद होतंय, तर वरती फक्त तेल आहे किंवा पॉलिश जवळजवळ संपलंय. पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि पुढचं सगळं यावर ठरतं, कारण लाखेचं पॉलिश स्पिरिट आणि फडक्याने निघत असताना त्यासाठी पेपर घासत बसणं म्हणजे नुसती हमाली, शिवाय गरम होऊन वितळलेली लाख पेपरच्या दाण्यांत भरते आणि पेपर क्षणात बाद होतो.

चिकटपणाबद्दल एक सांगतो. हात टेकतात तिथे वर्षानुवर्षांचा घाम, तेलकटपणा आणि फवारायच्या फर्निचर पॉलिशचे थर असतात, आणि कधीकधी फक्त तेच चिकट झालेलं असतं. आधी मिनरल टर्पेंटाइन लावलेल्या फडक्याने पुसा, फडकं तपकिरी होईल, दुसरं घ्या, स्वच्छ निघेपर्यंत पुसा. मग सौम्य साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेलं फडकं, मग कोरडं. आता नख दाबून बघा. नखाचा वण उठत नसेल तर पॉलिश अजून जिवंत आहे, आणि अशा वेळी खरंच विचार करा की पूर्ण काढायची गरज आहे का, कारण नुसती साफसफाई, 320 ने हलका हात आणि वरून एक-दोन कोट एवढ्यावर भागतं. मला विचाराल तर जुन्या टेबलाचा जो गडद मुरलेला रंग असतो तो पुन्हा आणता येत नाही, तो घासून काढायला माझं मन होत नाही. नख रुतत असेल तर मात्र ते पॉलिश मेलंय, त्यावर काहीही मारलं तरी ते सोलून निघणार, तिथे काढण्याला पर्याय नाही.

तुमचे पांढरे गोल डाग याच ठिकाणी सुटू शकतात. पांढरा डाग म्हणजे वाफ किंवा ओलावा पॉलिशच्या थरात अडकलाय, लाकडाला काही झालेलं नाही. लाख किंवा लॅकर असेल तर स्पिरिट जेमतेम लावलेलं, जवळजवळ कोरडंच फडकं डागावरून विमान धावपट्टीला टेकून लगेच उडतं तसं फिरवायचं, थांबायचं नाही, अडकलेला ओलावा सुटतो आणि डाग फिका पडतो. फडकं ओलं असेल तर पॉलिशच उचललं जाईल, म्हणून आधी खालच्या बाजूला हात बसवून घ्या. नाही गेला तर अगदी बारीक, 0000 नंबरची स्टील वूल थोड्या तेलात बुडवून हलक्या हाताने रेषेच्या दिशेने फिरवा, डाग वरच्यावर असेल तर निघतो, चकाकी मात्र तिथे थोडी कमी होते.

काळा डाग वेगळा. तो लाकडात उतरलेला आहे. बहुतेक वेळा लोखंडी काहीतरी ओलं राहिलेलं असतं, आणि लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (लाकडात मुळातच असलेलं तुरट द्रव्य) यांची रिॲक्शन होऊन शाईसारखा रंग तयार झालेला असतो. तो घासून काढायच्या नादात लोक तिथे खळगा करतात आणि नंतर पॉलिशमध्ये तो खळगा डागापेक्षा वाईट दिसतो. यावर ऑक्झॅलिक ॲसिड. पॉलिश पूर्ण काढल्यावर, कोमट पाण्यात विरघळवून, प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात, धातूच्या नाही. ब्रशने फक्त डागावर नाही तर पूर्ण टॉपवर लावायचं, कारण ते आजूबाजूचं लाकूडही थोडं उजळवतं आणि फक्त डागावर लावलं तर काळ्या डागाच्या जागी पांढरा डाग मिळतो. वाळू द्या, लागलं तर परत लावा, मग भरपूर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसून काढा. हे विषारी आहे, ग्लोव्हज आणि चष्मा हवाच, मुलं आणि पाळीव प्राणी लांब, आणि वाळलेले पांढरे कण चुकूनही कोरडे घासू नका, ते नाका-घशात गेले तर प्रचंड त्रास होतो, आधी पाण्यानेच धुवून काढायचे. व्हीनिअरवर पाणी जपून, कडांमधून आत गेलं तर गोंद सुटतो.

पॉलिश काढायचं ठरलं तर माझी पसंती जेल रिमूव्हर आणि स्क्रॅपर. जाड थर लावा, पातळ पसरवू नका, वर प्लास्टिकची शीट टाकून ठेवा म्हणजे वाळत नाही, डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, आणि प्लास्टिकच्या स्क्रॅपरने रेषेच्या दिशेने ढकला. घाई करून अर्धवट मऊ झालेलं पॉलिश खरवडलं की लाकडात चरे जातात. मिथिलिन क्लोराइड असलेले रिमूव्हर झटपट काम करतात पण बंद खोलीत त्यांच्या वाफेने माणसं दगावलेली आहेत, अमेरिकेत 2019 पासून घरगुती ग्राहकांना ते विकायला बंदी आहे, तेव्हा डब्यावरची नावं वाचून घ्या आणि ते असेल तर दुसरं घ्या. काम झाल्यावर उरलेलं सगळं, रिमूव्हरच्या प्रकाराप्रमाणे, पाण्याने किंवा थिनरने पुसून काढा, नाहीतर नवीन पॉलिश वाळत नाही. टेबलावर पॉलिश नसून जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं, त्याची टेस्ट किट मिळते, ती केल्याशिवाय कोरडं घासायचं नाही.

यानंतर डागडुजी. पोचा पडलेला असेल, म्हणजे लाकूड दबलंय पण तुटलेलं नाही, तर त्यावर ओलं सुती फडकं ठेवून गरम इस्त्रीचं टोक काही सेकंद टेकवा, वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात, दोन-तीनदा केलं की बराचसा पोचा नाहीसा होतो. हे बघायला फार मजा येते. कापला गेलेला ओरखडा मात्र असा उठत नाही. व्हीनिअरचा फुगा आला असेल तर रेषेच्या दिशेने ब्लेडने बारीक चीर द्या, सिरिंजने गोंद आत सोडा, वर प्लास्टिक आणि सपाट फळी ठेवून वजन द्या. फळ्यांच्या मधल्या भेगेत पुट्टी भरू नका, ती भेग दमट-कोरड्या हवेत उघडझाप करते आणि पुट्टी तुकडे होऊन बाहेर येते, फारच खटकत असेल तर त्याच जातीच्या लाकडाची बारीक चीप एका बाजूलाच गोंद लावून बसवा. पुट्टी फक्त खिळ्याच्या भोकांपुरती, आणि एक लक्षात ठेवा, पुट्टीवर रंग लाकडासारखा चढत नाही, पॅकेटवर काहीही लिहिलेलं असो.

आणि आता सँडर. रॅंडम ऑर्बिटल, म्हणजे गोल चकती फिरता फिरता हलते तो, घ्या, पट्टा फिरणारा बेल्ट सँडर घरी आणूच नका. पॉलिश आधीच निघालेलं असल्यामुळे 120 पासून सुरू करा, मग 150, मग 180, तिथे थांबा. 80 फक्त सॉलिड लाकडावर आणि खोल ओरखडे असतील तरच. वॉटर-बेस्ड काही लावणार असाल तर 220 पर्यंत जा. त्यापुढे गुळगुळीत करण्याचा मोह होतो, पण लाकूड फार घोटलं की रंग कमी पितं आणि टॉप फिकट राहतो. व्हीनिअर असेल तर मशीन नकोच, 150 किंवा 180 हाताने, लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून, अगदी थोडं.

एक साधी गोष्ट करा. प्रत्येक नंबरच्या आधी पेन्सिलने पूर्ण टॉपवर हलक्या नागमोडी रेघोट्या ओढा. मशीन दाबू नका, त्याच्या स्वतःच्या वजनावर सोडा, सेकंदाला इंचभर इतकं सावकाश सरकवा, इतकं सावकाश की कंटाळा आला पाहिजे. रेघोट्या सगळीकडून सारख्या गेल्या की तो नंबर संपला, एखाद्या जागी राहिल्या तर ती जागा खोलगट आहे हे कळतं, आणि कडेला त्या लगेच गेल्या तर तिथे तुम्ही नकळत जोर देताय हेही कळतं. एका नंबरवरून दुसऱ्यावर जाताना व्हॅक्यूमने धूळ पूर्ण काढा, मागच्या पेपरचा एक दाणा जरी राहिला तरी तो मशीनखाली फिरून डुकराच्या शेपटीसारखे गोल गोल चरे पाडतो, जे आत्ता दिसत नाहीत आणि रंग लावला की सगळ्या टॉपवर उमटतात. म्हणून शेवटचा नंबर हाताने, रेषेच्या दिशेने, लांब हात मारत. मग खोलीत अंधार करून टॉर्च टॉपला अगदी चिकटून आडवी धरा आणि तिरक्या उजेडात बघा. जे चरे दिसतील ते आत्ताच काढा. कडा आणि कोपरे कधीही मशीनने नाही. आणि मास्क लावा, चांगला, एन95 किंवा त्याहून वरचा. लाकडाची धूळ निरुपद्रवी वाटते पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 1995 मध्येच ती माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकली आहे.

रंग लावायचाच का, हे आधी स्वतःला विचारा. थिनरचं फडकं टॉपवर फिरवलं की ओलं असेपर्यंत लाकूड जसं दिसतं साधारण तसंच ते नुसत्या पॉलिशखाली दिसणार आहे, तेवढं आवडलं तर रंगाच्या भानगडीत पडू नका. सगळ्या लाकडाला गडद अक्रोडी रंग फासायची जी फॅशन आहे ती मला पटत नाही, चांगल्या सागवानाच्या रेषा त्यात पार बुडून जातात. पाइनसारखं मऊ लाकूड असेल तर रंग जागोजागी कमी-जास्त मुरून चट्टे पडतात, त्याआधी पातळ केलेल्या लाखेचा किंवा वुड कंडिशनरचा एक हात द्या. लावल्यावर काही मिनिटांत जास्तीचा रंग पुसायचाच, वाळू दिला तर तो चिकट राहतो. आणि टेस्ट खालच्या बाजूला करा, डब्यावरच्या रंगाच्या फोटोवर विश्वास ठेवू नका.

वरून काय मारायचं यावर माझं मत सरळ आहे. रोज जेवायचं टेबल आहे, तर लाखेचं पॉलिश नको, दिसायला त्याच्यासारखं देखणं काही नाही, पण गरम भांडं आणि अल्कोहोल दोन्ही त्याला चालत नाही. नुसतं मेणही नको. दुकानात पीयू मागितलं तर दोन डब्यांचं, हार्डनर मिसळून स्प्रे करायचं पीयू पुढे केलं जातं, ते घरात करू नका, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, फुप्फुसाला एकदा त्याची ॲलर्जी बसली की कायमची, त्याला वर्कशॉप आणि वेगळा मास्क लागतो. तुम्हाला हवंय ते एका डब्यातलं, ब्रशने किंवा फडक्याने लावायचं ऑइल-बेस्ड पॉलियुरेथेन. वाळायला वेळ घेतं पण त्यामुळेच ब्रशचे वळ आपोआप बसतात आणि नवशिक्याला सांभाळून घेतं. थोडा पिवळसर, उबदार रंग देतं. लाकूड फिकट आहे आणि फिकटच ठेवायचं असेल तर वॉटर-बेस्ड, ते एक-दोन तासांत पुढच्या कोटाला तयार होतं पण पहिल्या कोटाने लाकडाची लव, म्हणजे बारीक तंतू, उभी राहते, म्हणून आधी ओलं फडकं फिरवून, वाळवून, 220 ने ती लव उडवून घ्या. हार्डवॅक्स ऑइल, म्हणजे तेल आणि मेणाचं मिश्रण, हा तिसरा पर्याय, हाताला लाकूड लाकडासारखं लागतं आणि एखादा डाग पडला तर तेवढीच जागा दुरुस्त करता येते, फक्त अधूनमधून नवीन हात द्यायची तयारी पाहिजे.

सागवान आणि शिसम यांच्यात मुळातच तेल असतं, शिसमावर तर ऑइल-बेस्ड पॉलिश कधीकधी दिवसेंदिवस ओलंच राहतं. कोट मारायच्या लगेच आधी थिनरने पुसून घ्या, आणि शंका असेल तर मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ कोट मध्ये द्या. मेण काढलेलीच हवी, साध्या लाखेवर पीयू नीट धरत नाही. हाच कोट आणखी एका ठिकाणी कामी येतो: फवारायच्या फर्निचर पॉलिशमधलं सिलिकॉन लाकडात मुरलेलं असेल तर नवीन पॉलिश त्या जागेवरून मागे सरकतं आणि छोटे गोल खड्डे पडतात. असं दिसलं तर त्यावर जाड कोट मारून झाकायला जाऊ नका, ओलं असतानाच पुसून काढा, लाखेचा थर द्या आणि पुन्हा.

डबा हलवू नका, काठीने सावकाश ढवळा, हलवलं की बुडबुडे येतात आणि ते टॉपवर वाळतात. ऑइल-बेस्ड असेल तर पहिला कोट थोडं मिनरल टर्पेंटाइन (एनसी थिनर नाही) घालून पातळ. मग दोन किंवा तीन कोट, प्रत्येक पातळ, कारण जाड कोट वरून वाळतो आणि आतून मऊ राहतो. मध्ये 320 ने हलका हात, आणि इथे पेपर सांगतो की वाळलंय का, पांढरी कोरडी पावडर निघाली तर वाळलंय, पेपरवर गोळ्या जमल्या तर थांबा, अजून एक दिवस जाऊ द्या. धुळीचा त्रास कमी करायचा असेल तर आदल्या रात्री झाडून, फरशी पुसून, पंखा बंद ठेवा आणि सकाळी माणसांची वर्दळ सुरू होण्याआधी कोट मारा. फार दमट दिवस असेल तर तो दिवस सोडा. टॉपच्या खालच्या बाजूलाही एक तरी कोट द्या, दोन्ही बाजूंनी ओलावा साधारण सारखा आत-बाहेर झाला तर फळी वाकायची शक्यता कमी होते.

तेलाची फडकी हा वेगळा विषय आहे आणि तो मी कोणालाही सोडू देत नाही. जवसाचं तेल, हार्डवॅक्स ऑइल, ऑइल-बेस्ड रंग, यांची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळताना उष्णता सोडतं, ती उष्णता घडीत अडकते आणि काही तासांत फडकी आपोआप पेटतात. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. वापरून झालं की एकेक फडकं बाहेर मोकळं पसरून कडक वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

त्यामुळे शनिवार-रविवारचा प्लॅन विसरा. सांधे आणि क्लॅम्प एक वीकएंड, पॉलिश काढणं आणि डाग दुसरा, सँडिंग आणि पहिला कोट तिसरा, असं धरा, त्यानंतरच्या दिवसांत सकाळी एकेक कोट. शेवटचा कोट हाताला कोरडा लागला म्हणजे टेबल तयार झालं असं नाही, ऑइल-बेस्ड पॉलिश पूर्ण कडक व्हायला महिनाभर घेतं. आठवड्यानंतर जपून जेवायला हरकत नाही, पण महिना होईपर्यंत टेबलक्लॉथ घालू नका, खासकरून प्लास्टिकचा तर अजिबात नाही, तो पॉलिशला चिकटतो आणि त्याची नक्षी टॉपवर छापली जाते, काढताना पॉलिश उचलून येतं. फुलदाणीखाली, लॅपटॉपखाली रबरी पाय असतील तर तेही तोपर्यंत लांब. नंतर पुसायला ओलसर फडकं पुरे, फवारायचं चकाकीवालं पॉलिश पुन्हा घरात आणू नका. आणि काही वर्षांनी टॉप निस्तेज वाटला तर हे सगळं परत करायचं नाही, टर्पेंटाइनने पुसायचं, 320 ने चकाकी जाईपर्यंत हात फिरवायचा आणि एक पातळ कोट, एका सकाळचं काम आहे.